खाणीतला एक नर

सलग तीन हंगाम भेकाच्या, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाच्या, नराची एकही हाक ऐकू आली नाही, तर ते ठिकाण पाहणीच्या यादीतून काढायचं, असा नियम आहे. तो ठरवताना समितीत मीही होते.

खाणीतल्या डबक्यावर मी सहा वर्षं जाते आहे. पहिली तीन वर्षं काठाशी अंड्यांच्या काळ्या माळा मिळत. मग पाऊस आटला. पुढचे दोन हंगाम शून्य, आणि हा तिसरा.

दर मंगळवारी सकाळी बसने जायचं, खांबावरच्या ध्वनिमुद्रकातलं कार्ड बदलायचं, राखणदारकाकांबरोबर चहा घ्यायचा आणि परतायचं. खाण कधीच बंद पडली. गंजलेली यंत्रं राखायला काका तेवढे उरलेत. आठवडाभरात त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच. माझंही फार वेगळं नाही. माझ्या कामाच्या खोलीत दुसरं टेबल आहे, पण त्यावर नमुन्यांच्या बरण्या आहेत.

हंगामाच्या शेवटच्या कार्डावर हाक सापडली. भुरभुर पावसाच्या संध्याकाळची, एकदाच, आठ सेकंद. मी बहिणीला फोन लावला.

"ताई, नर मिळाला!"

"तुला?"

"खाणीत गं! भेकाचा."

"हे सांगायला ऑफिसात फोन केलास? जेवलीस का?"

जेवले नव्हते. हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. हाकेचा शेवट वर चढत होता. भेकाचा खाली उतरतो. वर चढवते ती मी. पहिल्या वर्षी, काकांना ओळखता यावी म्हणून, त्यांच्या पायरीवर बसून मी ती काढून दाखवली होती. हाकेनंतर एक कोरडा खोकला होता. तोही ओळखीचा.

तक्त्यात मी शून्य लिहिलं. पेनने.

मंगळवारी ध्वनिमुद्रक काढून आणायला गेले. काका चहा गाळत होते.

"काय बाई, बोलला का तुमचा पाहुणा?"

"बोलला."

"मग पुढच्या वर्षीही मंगळवार पक्का!"

"काका, तो खोकला."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"खाणीची धूळ आहे छातीत," ते म्हणाले. "दाबून दाबून किती दाबणार? काय लिहिलंत?"

"शून्य."

"एक लिहिला असता तर कोण येणार होतं तपासायला?"

"मीच."

"तेच तर म्हणतोय."

चहा नेहमीपेक्षा गोड झाला होता. मी संपवला.

"आवाज तरी जमला होता ना?" त्यांनी विचारलं.

"शेवट वर गेला. खाली उतरायला हवा. मीच चुकीचा शिकवला." मी काढून दाखवला, पुन्हा वरच गेला. काका हसले. मग मी खांबावरचे चार स्क्रू काढले, यंत्र पिशवीत ठेवलं आणि निघाले.

रस्त्याला लागले आणि मागून, खाणीच्या बाजूने हाक आली. लांब, घोगरी, आणि शेवटी अलगद खाली उतरलेली. अगदी बरोबर. मी जागच्या जागी थांबले. हात आपोआप पिशवीतल्या यंत्राकडे गेला.

मग खोकला आला.