राखीच्या लग्नाची एकच प्रत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वहीएवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा पडलेली. लोकांच्या आठवणी सांभाळण्यात माझा जन्म गेला. पण आज मला माझं कौतुक सांगायचं नाही, माझा मत्सर सांगायचा आहे.

डिंगोरे गावच्या गोरखने मला आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. गोरख लग्नांचं शूटिंग करतो. माझ्या पोटात गोल चकत्या आहेत. त्या भिरभिर फिरतात आणि त्यांच्यावर सारं लिहिलं जातं. हळदी, वराती, रुसलेले जावई, मंगलाष्टकं चालू असताना भोकाड पसरणारी बाळं, सगळं माझ्या पोटात आलं. गोरखची बायको अंजना मला मऊ फडक्याने पुसायची. कुणी जुनं लग्न मागायला आलं, की गोरख माझ्यावर हात ठेवून म्हणायचा, "हिच्यात अख्खा तालुका हाय, भाऊ!" मी फुगून जायचे.

मग गेल्या वर्षी ती नवी डिस्क आली. माझ्याच कामाची, पण काडेपेटीएवढी. आवाज नाही, तापणं नाही. "दोन तासांचं काम वीस मिनिटांत करती, लई भारी!" गोरख सगळ्यांना सांगत सुटला. मऊ फडकं तिच्याकडे गेलं आणि माझ्या पाठीवर चहाचा कप आला. सवत परवडली, मित्रांनो. तिच्याशी भांडता तरी येतं.

एके दुपारी अंजना म्हणाली, "आवं, जुनी टकटक करायला लागलीय. हिच्यातलं समदं नवीत काढून घ्या."

गोरखने आम्हा दोघींना कॉम्प्युटरला जोडलं. माझ्यातलं एकेक लग्न तिच्यात उतरू लागलं. प्रत निघाली म्हणून माझ्यातलं काही कमी होत नव्हतं, तरी मला वाटलं, माझा भरला संसार लुटला जातोय. हे थांबावं, असं मी मनापासून मागितलं. आणि लाईट गेली! निम्मं काम तसंच राहिलं. लाईट आली तेव्हा गोरख शिनोलीच्या हळदीला निघाला होता. "ऱ्हायलेलं उद्या करू," म्हणाला. तो उद्या चार महिने उगवलाच नाही. माझी टकटक वाढत होती, चकत्यांवरचं वाचणारी नाजूक सुई थकत चालली होती, तरी मी खूश होते.

मग मंचरहून राखी आली. तिथले कापड दुकानदार इंदरचंद यांची ही मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न गोरखनेच टिपलं होतं. इंदरचंद महिन्यापूर्वीच वारले होते.

"गोरखभाऊ, तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह खराब झालाय. पाठवणीच्या वेळी पप्पा माझ्याशी बोलले होते. तेवढं काढून द्या. फोटो पुष्कळ आहेत हो, त्यांचा आवाज कुठेच नाही."

गोरखने आधी नवीत शोधलं. राखीचं लग्न राहिलेल्या निम्म्यात होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता कळेल सगळ्यांना, खरी कोण ते! त्याने मला जोडलं. मी सगळा जोर लावला. टक. टक. टक. पडद्यावर माझं नावसुद्धा उमटलं नाही.

गोरखने वायर बदलली, मला उलटं केलं, थोपटलं. मोबाईलवर कुठेतरी वाचून तो मला फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायला निघाला, तेव्हा अंजना ओरडली, "आवं, ती काय भाजी हाय का? जाणत्याकडं न्या तिला!"

राखी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दुसरी प्रत नव्हती ठेवली?"

गोरखची मान खाली गेली. प्रत का राहिली, ते मला ठाऊक होतं. त्या दुपारी मीच तर मागणं मागितलं होतं.

पुण्यात एका कारागिराने मला उघडलं. चकत्यांवर ओरखडे पडले होते. तीन आठवडे खपून त्याने निघेल तेवढं काढलं आणि नवीत भरलं. पाठवणी मात्र गेली ती गेलीच.

राखी परत आली, तेव्हा गोरखला तोंड वर करवेना. "ताई, पाठवणी न्हाई मिळाली. एक तुकडा हाय फकस्त. कॅमेरा चुकून चालू ऱ्हायला व्हता. मीच काढून टाकणार व्हतो."

त्याने तो लावला. इंदरचंद फेटा सारखा करत कॅमेऱ्यापाशी आले. "चालू आहे का हो हे?" म्हणाले. मग मागे वळून कुणाला तरी हाक मारली, "अरे, राखी जेवली का? आधी तिला वाढा!" झालं. अकरा सेकंद.

राखीने तो तुकडा तीनदा ऐकला. चौथ्यांदा हसली आणि मग तिला रडू आवरेना. अंजना तिच्याशेजारी जाऊन बसली.

आवाज नवीतून येत होता. मी बाजूला रिकामी पडले होते. मत्सर वाटला का? वाटला, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? सहा वर्षं ते बोलणं मी जपलं आणि राखीने ऐकलं ते नवीच्या तोंडून. पण आता ते माझ्याकडेच राहिलं असतं, तर राखीला कधीच ऐकू आलं नसतं.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यातलं सगळं आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. मध्येच लाईट गेली, तर आल्यावर पुन्हा बसा. आम्हा जुन्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.