काका, डावा!

महिपतरावांना त्या दिवशी विमान उडवायचाच कंटाळा आलेला. वय एकोणसाठ, सलग चौथा दिवस ड्यूटी, आणि सकाळपासूनची ही तिसरी फेरी. शेजारी को-पायलट कल्पिता, डोंबिवलीत त्यांच्याच बिल्डिंगमधली. घरी ती त्यांना काका म्हणायची, कॉकपिटमध्ये सर. सकाळी गाडीत सगळ्या क्रूसमोर तिने त्यांची बारीकशी चूक दाखवली, तर हे खेकसले, "मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, कळलं?" तेव्हापासून पोरीने तोंडाला कुलूप लावलेलं. महिपतरावांना ते कळत होतं हो, पण समजूत काढायलाही अंगात त्राण लागतं.

दुपारी कल्याणवरून विमान मुंबईकडे उतरू लागलं आणि एकाएकी थरथरायला लागलं. पायाखालचा तळ गदगदा हलत होता, दात एकमेकांवर वाजत होते.

"सर, इंजिन," कल्पिता म्हणाली.

"दिसतंय गं."

दिसत कसलं होतं, डोंबल! समोरच्या पडद्यावर डाव्या इंजिनाच्या थरथरीचा आकडा चढत होता. पण सकाळी मेकॅनिक उजवं इंजिन उघडून बसलेला, आणि थकलेल्या डोक्यात तेच घट्ट बसलेलं.

आता नियम असा, की बिघडलेल्या इंजिनाच्या थ्रॉटलवर, म्हणजे त्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, हात ठेवून मोठ्याने विचारायचं. दुसऱ्याने बघून हो म्हटल्याशिवाय तो मागे ओढायचा नाही. महिपतरावांनीच हे कितीतरी पोरांकडून घोकून घेतलेलं.

"उजवा. बरोबर?"

कल्पिता गप्प. आपल्या घरांत मोठ्यांपुढे गप्प राहणं म्हणजे होच की! त्यांनी थ्रॉटल मागे ओढला.

थरथर होती तशीच राहिली आणि विमान खाली बसायला लागलं.

"काका, नको! डावा! डावा आहे!" कल्पिताने त्यांचं मनगटच धरलं.

त्यांनी थ्रॉटल परत पुढे ढकलला. पण इंजिन असं लगेच जोर धरत नाही, काही सेकंद घेतं. खाली डोंबिवली होती. त्यातल्याच एका गच्चीवर त्यांची बायको मंजुळा पापड उलटत असणार. "देवा, इथे नको रे," महिपतराव मोठ्याने म्हणाले. एवढे ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

उजव्याने जोर धरला. मग डावा थ्रॉटल दोघांनी मिळून, विचारून, मागे घेतला, तशी थरथर कमी झाली. एका इंजिनावर विमान उतरलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. महिपतरावांना त्या सोसवेनात.

ऑफिसात रिपोर्टचा कागद पुढ्यात आला, तेव्हा पेन उचलायचंही जिवावर आलेलं.

"काका," कल्पिता हळूच म्हणाली, "मी मान डोलावून हो म्हटलेलं असं सांगते. मान काय कॉकपिटमधल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. तुमच्या रिटायरमेंटला दहा महिने राहिलेत."

खोटं कशाला बोला, मोह झालाच त्यांना. वाटलं, होऊन जाऊ दे, घरी जावं आणि झोपावं. त्यांनी पेन उचललं. मग सावकाश लिहिलं: मी चुकीच्या इंजिनाचा थ्रॉटल ओढला. उत्तराची वाट पाहिली नाही. को-पायलट गप्प राहिली, कारण सकाळी मीच तिला गप्प बसवलं होतं.

कागद तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "वाच. काही चुकलं असेल तर बोल."

तिने दोनदा वाचला. डोळे पुसले.

"काका, तारीख कालची टाकलीत," ती म्हणाली.

त्यांनी कागद परत घेतला आणि तारीख खोडून आजची घातली.