या खेपेला तुम्ही उचला

गेल्या वर्षी पाहणीबाई आल्या, तेव्हा चिमणीच्या आईने एक घोडचूक केली होती. तिने घर आवरलं होतं.

माणूस येणार म्हटलं की घर आवरायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. त्यातून येणारी बाई मदत मंडळाची. हे मंडळ व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी, मागे उतरती फळी असलेली गाडी घ्यायला पैसे देतं, आणि कुणाला द्यायचे हे ठरवण्याआधी घर बघायला माणूस पाठवतं. मग काय विचारता! पडदे धुतले, लेकीच्या वेण्या घातल्या, आणि पाहणीबाईंच्या देखत तिला खुर्चीतून उचलून सोफ्यावर अशी अलगद ठेवली, की जणू फूलच. वर हसून चहा विचारला. त्या गेल्यावर पाठ भिंतीला टेकवून कळा सोसल्या, पण ते बघायला पाहणीबाई थोड्याच थांबल्या होत्या?

पुढे फोन आला. "अहो, तुमचं सगळं किती छान चाललंय! तुम्ही चांगल्या धडधाकट आहात. आम्हाला खरी निकड बघावी लागते हो."

त्या 'छान'ने चिमणीच्या आईच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती पाहणीबाईंना मनातल्या मनात उत्तरं देत राहिली. एकाहून एक जहरी. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

चिमणी नावालाच चिमणी राहिली होती. कमरेखाली बळ नाही, पण हाडपेर बापाचं, थोराड. डॉक्टरांनी आईच्या मणक्याचा फोटो उजेडासमोर धरून बजावलं होतं, "उचलणं बंद. नाहीतर घरात दोन खुर्च्या लागतील." आता उचलणं बंद म्हणजे शाळा बंद, थेरपी बंद, पोर चार भिंतींत. म्हणून नाक मुठीत धरून तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा पाहणी ठरली. आणि पुन्हा त्याच बाई!

"या वेळी पसारा कर," सासूबाई म्हणाल्या. "केस पिंजार. बाई दारात आली की हंबरडा फोड. मी पण खोकते हवं तर."

"रडणार नाही मी, आई. आणि तुम्ही खोकू नका, तुम्हाला हसू येतं."

"मग काय करणारेस?"

"पाहणीच करायचीय ना त्यांना? होऊ दे मनसोक्त."

चिमणी खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

पाहणीबाई आल्या त्या टाचांचे बूट टकटकवत. आत पाऊल टाकताच म्हणाल्या, "अगंबाई, घर किती छान ठेवता हो तुम्ही!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून गोड हसली. इतकं गोड, की सासूबाईच दचकल्या.

"बसायला वेळ नाही, मॅडम. थेरपीला निघालोय. तुम्हीही चला ना, सगळं डोळ्यांनी बघता येईल. फक्त एक आहे. माझी पाठ धरलीय. चिमणीला गाडीत तुम्ही बसवायचं."

"मी?" पाहणीबाई हसल्या. "अहो, मला कुठे सवय!"

"मलाही नव्हती. पोर झाल्यावर लागली."

खाली फाटकाशी त्यांची जुनी, बुटकी गाडी उभी होती. रखवालदार काका नेहमीसारखे मदतीला धावले. चिमणीच्या आईने त्यांना हातानेच थोपवलं. "राहू द्या, काका. आज मॅडमना बघायचंय."

मग ती हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली.

"आधी खुर्चीचा ब्रेक लावा. नाही लावलात तर खुर्ची मागे पळेल आणि तुम्ही तोंडावर. हं. आता पायाच्या पट्ट्या वळवा. एक हात काखेतून, एक गुडघ्यांखालून. कमरेत नका वाकू, मॅडम, गुडघ्यात वाका. कमरेत वाकलं की काय होतं, त्याचा फोटो आहे माझ्याकडे."

पाहणीबाईंनी पर्स काकांकडे दिली, श्वास घेतला आणि उचललं.

आता चिमणीला उचलण्यात एक मेख होती. तिच्या हातांत जोर होता. रोज ती आईच्या मानेला घट्ट मिठी घालायची, अंग आवळून धरायची, म्हणून आईला ती पेलायची. आज तिने दोन्ही हात सोडले. मान टाकली. सगळं अंग ढिलं केलं. ओल्या गादीसारखी ती पाहणीबाईंच्या हातांवर पसरली.

चिमणीच्या आईच्या लक्षात आलं. तिने हे शिकवलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

पाहणीबाई कशाबशा दारापर्यंत पोचल्या आणि तिथेच अडकल्या. पोरीची कंबर सीटच्या काठावर, पाय बाहेर, त्यांचं स्वतःचं डोकं गाडीच्या टपाखाली. एक टाच फरशीच्या फटीत रुतलेली. चेहरा लालबुंद.

"धरा! अहो, धरा ना!"

"मी कशी धरू? मला तर वाटलं, सोपं असतं. बघणाऱ्याला तसंच वाटतं ना?"

"पडेल हो ती!"

"रोजच वाटतं मला तसं."

किती गोड लागलं ते! वर्षभर भांड्यांना ऐकवलेली उत्तरं आज योग्य कानांत पडत होती. अजून एक जिभेवर तयार होतं. तेवढ्यात चिमणीची हनुवटी दाराच्या काठावर आपटली आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. खरा. त्यात नाटक नव्हतं.

आई कधी पुढे झाली ते तिचं तिलाच कळलं नाही. लेकीच्या काखेत हात घालून तिने तिला आत सरकवलं. पाठीतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत. ती टपाला धरून तशीच वाकून राहिली. डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मात्र तिने पाहणीबाईंना दिसू दिलं नाही.

"आई, मध्ये कशाला आलीस?" आतून चिमणी पुटपुटली. हनुवटी लाल झाली होती. "जमत होतं ना आपलं."

पाहणीबाई फाटकाच्या कट्ट्यावर बसून धापा टाकत होत्या. काकांनी पर्स दिली, तसा त्यांनी फोन काढला.

"अध्यक्षसाहेब, ती गाडीची केस... हो, तिथेच आहे. घर? घर छान आहे हो, पण घराचं काय घेऊन बसलात! पोरीला गाडीत कोंबावं लागतंय सामानासारखं. आजच्या बैठकीत पहिलं नाव हेच. नाही, मी सांगते ना! नाहीतर तुम्ही स्वतः येऊन उचलून बघा." त्या ऐकत राहिल्या. मग फोन ठेवून म्हणाल्या, "झालं. मिळेल गाडी तुम्हाला. गेल्या वर्षी माझं चुकलंच. येऊ मी आता?"

वर गॅलरीतून सासूबाईंनी देवाला हात जोडले. चिमणीच्या आईने मात्र गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"असं कसं, मॅडम? तिकडे उतरवायचंय ना हिला."

पाहणीबाईंनी काकांकडे पाहिलं. काका फाटकाची कडी निरखत होते. त्या मुकाट्याने गाडीत बसल्या.

थेरपी सेंटरच्या आवारात चिमणीच्या आईने गाडी लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. पाहणीबाई उतरल्या. डिकीतून खुर्ची काढून उलगडली. बूट काढून अनवाणी उभ्या राहिल्या. न सांगता ब्रेक लावला.

आरशात चिमणी दिसत होती. पाहणीबाई वाकल्या, तशी तिने आरशात आईकडे पाहिलं. आईने हनुवटीवरचा तो लाल वळ पाहिला आणि डोळ्यांनीच सांगितलं, धर. चिमणीने हात वर करून पाहणीबाईंच्या मानेला मिठी घातली.

"येताय ना हो तुम्ही मदतीला?" पाहणीबाईंनी ओझ्याखालून विचारलं.

चिमणीच्या आईने काच वर केली.