सेल्सियसचा सी

सिद्धेशने फुटलेला टायर डिकीतून काढून पॉलच्या दुकानापुढे आपटला. "असला माल देतोस? बायकोचा हात मोडला माझ्या."

त्याचे सासरे भालचंद्र गाडीपाशीच थबकले. मागच्या खेपेला जावयाला सवड नव्हती म्हणून आचोळ्यातल्या या दुकानात टायर बदलायला तेच आले होते. तेव्हा टायरच्या कडेला 'टेंपरेचर' आणि त्यापुढे सी हे अक्षर लिहिलेलं दिसलं आणि त्यांना हुरूप आला. विरारच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून त्यांची उभी हयात थर्मामीटर पुसण्यात गेली होती. पॉल सांगत होता की ए घ्या, तो कमी तापतो. पण सी म्हणजे सेल्सियस, आपल्याकडचं माप. ए कुठलं तरी परदेशी असणार, असं त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर ठणकावलं. पॉल पुन्हा बोलू लागला तेव्हा, मला शिकवू नकोस, म्हणून त्याला गप्प केलं.

मग भर मे महिन्यात, सामानाने भरलेली गाडी सुरतेला जात असताना हायवेवर टायर फुटला. त्यांच्या मुलीचा, हेमांगीचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

पॉलने टायर फिरवून अक्षरावर बोट ठेवलं. "हा सी हाय, साहेब. गरमी सोसायला ए पयला, सी सगल्यात खालचा. वाईट नाय, गावात फिरायला चालते. पन उन्हात, लोड घेऊन, स्पीडला लय तापते."

"मग दिलास कशाला?"

पॉलने एकदाच भालचंद्रांकडे पाहिलं. आता आपण बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं, पण ते चष्मा काढून पुसू लागले. पॉलने मान खाली घातली. "चूक झाली माझी."

भालचंद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही ते मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

"दुसरीकडे जाऊ," गाडी सुरू करत सिद्धेश म्हणाला. "बाबा, तिथे तुम्हीच बघून घ्या. तुम्हाला यातलं कळतं."

हे ऐकायला ते आयुष्यभर आसुसले होते. शाळेतल्या मास्तरांनी त्यांना बाटल्या धुण्यापलीकडचं कधी काही विचारलंच नव्हतं.

"थांबा, सिद्धेशराव. सी मी घ्यायला लावला. पॉल नको म्हणत होता."

 सिद्धेशने इंजिन बंद केलं.

भालचंद्र उतरून दुकानात गेले आणि दुखरे गुडघे दुमडून कसेबसे उकिडवे बसले. "पॉल, ए कुठे लिहितात ते दाखव मला."

पॉलने नवा टायर पुढे ओढला. घामाने चष्मा घसरत होता, काळ्यावरचं काळं अक्षर काही केल्या दिसेना. शेवटी पॉलनेच त्यांचं बोट धरलं आणि ए वर टेकवलं.