खुळखुळा वाजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना दगडी गोठा आहे. गावातला नव्हे, कुरणाच्या मधोमध एकटा उभा असलेला. इंग्लंडातल्या आमच्या स्वेलडेलच्या खोऱ्यात जवळजवळ प्रत्येक कुरणाला त्याचा त्याचा गोठा असतो. कुरण आहे तोवर तो गोठा, नाहीतर नुसत्या चार भिंती. हे मी जरा तोऱ्यात सांगतो आहे, हे मला कळते. पण या वयात एवढा तोरा चालतो.

हार्कर घराण्यातल्या कुणा पुरुषाने मला बांधले. डोंगरातले दगड त्याने घोड्याच्या घसरगाडीवरून ओढून आणले. भिंतीत मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घातले, म्हणजे भिंत फाकत नाही. छपरावरही दगडाच्याच लाद्या. खाली गाई आणि वर माळा. उन्हाळ्यात कुरणातले वाळलेले गवत माळ्यावर चढायचे, हिवाळाभर गाई ते खायच्या, आणि त्यांचे शेण पुन्हा त्याच कुरणात पसरले जायचे. माझ्याकडचे कुरणाकडे आणि कुरणाकडचे माझ्याकडे. असा आमचा सुखाचा संसार होता.

आणि काय ते कुरण! मे महिन्यात मेंढ्या बाहेर काढून फाटक बंद करत. मग कुणी आत पाय ठेवायचा नाही. जून लागला की जांभळी, पिवळी, गडद लाल फुले एकमेकांना रेटत वर यायची. मी इतकी वर्षे एकाच जागी उभा राहून तेच पाहिले, पण मला त्याची सवय कधी झाली नाही. दर जूनमध्ये मी गप्प होतो. तसा मी एरवीही गप्पच असतो म्हणा, पण ते गप्प होणे वेगळे.

त्या फुलांत एक होता पिवळा खुळखुळा. वीतभर उंचीचा. फूल गळले की त्याच्या बोंडात कागदासारख्या पातळ बिया सुटतात आणि वाऱ्याने वाजू लागतात. जुनी माणसे दिनदर्शिका पाहून गवत कापत नसत. ती कुरणातून चालत जात आणि कान देत. खुळखुळा वाजला की गवत पिकले. मग सगळ्यांचे बी पडायला झालेले असते, तेव्हाच पाती चालवायची. हा आमच्याकडचा रिवाज होता.

पण या खुळखुळ्याची एक खोड आहे. तो जमिनीखाली गवताच्या मुळांना मुळे चिकटवतो आणि त्यांच्या तोंडचा घास पळवतो. जिथे तो दाट, तिथे गवत विरळ. हे आमच्या सेप हार्करच्या डोळ्यांत खुपले.

सेप कष्टाळू होता, हट्टीही तेवढाच. तो म्हणे, घरात चोर कोण पोसतो? त्याने पांढऱ्या खताची पोती आणली, जोमदार गवताचे विकतचे बी टाकले आणि जूनच्या आतच, फुलांना फुलायची उसंत न देता कापणी सुरू केली. खुळखुळा फक्त एक वर्ष जगणारे झाड. दोन-चार वेळा त्याला बी पाडू दिले नाही की त्याचा निर्वंश होतो. तो झाला. मागोमाग एकेक करून बाकीची फुलेही गेली. कुरण गर्द हिरवे झाले, बिलियर्डच्या टेबलासारखे. खोऱ्याच्या प्रदर्शनात सेपला गवतासाठी बक्षीस मिळाले, आणि खरे सांगतो, तेव्हा मलाही बरे वाटले. आपल्या घरचे कौतुक कुणाला नको असते?

मात्र ते ओले गवत आता काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले जाऊ लागले. माळ्यावर येईना. गाई खाली घराजवळच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. माझ्या छपराच्या लाद्या एकेक करून घसरल्या आणि त्या कुणी वर चढवल्या नाहीत. सेपचा माझ्यावर राग नव्हता. त्याला माझी आठवणच येत नव्हती, आणि मित्रांनो, त्याचे दुःख रागापेक्षा जास्त असते.

गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधाच्या, पलीकडे विल्फ रॉचे कुरण होते. विल्फने ना पोती आणली, ना बी. लोक म्हणत, आळशी आहे. तो म्हणे, मला घाई नाही. त्याच्या कुरणात जूनमध्ये फुले तशीच उसळत. एकदा मेंढ्यांच्या लिलावात भर गर्दीत सेपने विल्फच्या गाडीतली गवताची एक पेंढी उचलून हुंगली आणि विचारले, "विल्फ, हे गवत आहे की फुलवालीकडचा कचरा?" सगळे पोट धरून हसले. विल्फ घरी आला आणि दोन्ही कुरणांच्या मधल्या गडग्यातली गाडीवाट त्याने दगड रचून बंद केली. त्यानंतर हार्कर आणि रॉ यांच्यात अबोला धरला गेला. सेपच्या अंत्यविधीला विल्फ आला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि चहाला न थांबता निघून गेला.

सेपनंतर कुरण त्याच्या मुलीकडे, वेंडीकडे आले. केस पांढरे व्हायला लागलेली, बोलायला तिखट. तिच्या आठवणीत आजीच्या काळचे कुरण होते. म्हणून ती सरकारच्या कुरण-योजनेत गेली. योजना साधी होती. खत टाकायचे नाही, जुलैच्या मध्यापर्यंत कापायचे नाही, आणि जितकी जुनी फुले परत येतील तितके पैसे जास्त. शिवाय कुरण सुधारले तर माझ्या छपराला मदत. पण मुदत ठरलेली होती. तोवर फुले आली नाहीत, तर कुरण योजनेतून बाहेर. मग वेंडीला ते परवडणार नव्हते. शेजारच्या खोऱ्यातला एक जण ते बारा महिने मेंढ्यांना चारायला मागतच होता. म्हणजे कुरण संपले, आणि मी मेंढ्यांचा आडोसा.

वेंडीने पोती बंद केली आणि वाट पाहिली. काहीच आले नाही. दरवर्षी योजनेतली टॅम्सिन नावाची मुलगी यायची, कुरणातून नागमोडी चालायची आणि थोड्या थोड्या पावलांवर थांबून पायाशी काय उगवले आहे ते बघायची. प्रत्येक वेळी तेच. गवत, थोडे तीनपानी पांढरे क्लोव्हर आणि पुन्हा गवत.

"या गवताची मस्ती आधी उतरवायला हवी," टॅम्सिन शेवटी म्हणाली. "खुळखुळा लागेल. तो गवत विरळ करतो, मग बाकीच्यांना जागा मिळते."

वेंडी माझ्या दारात बसून केक आणि चीज खात होती. तिने खाणे थांबवले. "माझ्या बापाने आयुष्य घातलं त्याला हाकलण्यात. आणि आता मी त्याला बोलावणं धाडू?"

त्या संध्याकाळी ती शिडी लावून माझ्या माळ्यावर चढली. फळ्यांच्या फटींत तिच्या आजीच्या काळचा भुसा, काड्या आणि बिया साचलेल्या होत्या. तिने सगळे झाडून पोत्यात भरले. मित्रांनो, माझा ऊर भरून आला. इतकी वर्षे मी तो ठेवा उंदरांपासून आणि पावसापासून सांभाळला होता. मला वाटले, आता माझे सार्थक होणार. वेंडीने तो भुसा कुरणात उधळला. हिवाळा गेला, वसंत आला. एक कोंबसुद्धा फुटला नाही. खुळखुळ्याचे बी जेमतेम वर्ष-दोन वर्षे जिवंत राहते, हे मला ठाऊक नव्हते. मी मेलेले बी सांभाळत होतो. त्या दिवसांत मला फार रडू आले. दगडी भिंतींना ओल येते, ती दरवेळी पावसाचीच असते असे नाही.

आता ताजे बी जवळपास एकाच ठिकाणी होते, गडग्यापलीकडे. ते मिळवायचे तर पलीकडचे गवत बियांसकट कापून त्याच दिवशी इकडे पसरायचे. म्हणजे विल्फला विचारायला हवे.

विल्फ आता ऐंशी ओलांडलेला होता. गडग्याचे ढासळलेले दगड बसवत असताना वेंडी त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि बोलली. त्याने मान वळवली नाही. ती तरातरा परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा तेच. तिला वाटले, म्हातारा अजून धुमसतो आहे. मलाही तसेच वाटले. तिसऱ्या वेळी ती गडगा चढून थेट त्याच्या पुढ्यात उतरली.

"काका, तुमच्या कुरणातलं ओलं गवत हवंय मला. बियांसकट."

विल्फने हातातला दगड फिरवून पाहिला आणि जागेवर बसवला. "तुझ्या बापाने भर लिलावात त्याला कचरा म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. मी तिथेच होते. सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा."

"दिसलं होतं मला."

"मग आता तुम्ही हसून घ्या. सेप हार्करची पोरगी कचरा मागायला आलीय."

विल्फ काही हसला नाही. कापायचे कधी ते मी ठरवणार, तुमच्या योजनेची तारीख नाही, एवढे म्हणाला आणि पुढचा दगड उचलला. पण तो नाही म्हणाला नव्हता.

वेंडी कामाला लागली. तिने मेंढ्या घालून आपले कुरण खरवडल्यासारखे आखूड करून घेतले आणि माती दिसेपर्यंत त्यावर दाताळ फिरवले. इतकी वर्षे जपलेली हिरवी गादी तिने स्वतःच्या हाताने फाडली. हे करायला छाती लागते. बी मिळाले नाही, तर तिच्याकडे आता गवतही नव्हते.

जुलैचा मध्य आला. ऊन पडले. आमच्याकडे सलग ऊन म्हणजे घबाडच. खोऱ्यात सगळीकडे यंत्रे घुरघुरू लागली. विल्फचे यंत्र मात्र ताडपत्रीखालीच. वेंडी रोज गडग्याशी येऊन विचारायची आणि तो मान हलवून नकार द्यायचा. उन्हाचे दिवस हातातून निसटत चालले होते. अखेर पश्चिमेला ढग दिसू लागले, तेव्हा तिचा तोल सुटला.

"उद्यापासून पाऊस आहे, काका. कशाची वाट बघताय तुम्ही?"

विल्फने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "खुळखुळा वाजायची. पण तो वाजतो का, ते मला कळत नाही. तीन-चार उन्हाळे झाले, माझे कान गेलेत. बोलणारा समोर असला तर ओठांवरून कळतं, तेवढंच. अंदाजाने कापतोय. तुझी गोष्ट वेगळी. तुझ्याकडे बी कच्चं गेलं तर मग काहीच उरणार नाही तुला."

मग मला कळले, तो तेव्हा वळला का नव्हता.

"तू ऐक," विल्फ म्हणाला.

"मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही."

"मग आज ऐक."

वेंडी कुरणात शिरली. मी माझ्या सगळ्या दगडांनिशी कान टवकारले. तो आवाज मला पाठ होता, पण मी सांगणार कसा? सुरुवातीला दूरच्या यंत्रांचीच घुरघुर होती. ती जेवणाच्या सुट्टीत थांबली. मग डोंगरावरून हलका वारा उतरला, आणि सुपात मूठभर तांदूळ हलवावेत तसे काहीतरी तिच्या पायांपाशी वाजले. ती थांबली. आवाज पुढे सरकला, गडग्यापर्यंत गेला, तिथून वळून तिच्याकडे परत आला. सबंध कुरण वाजत होते. वेंडी तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली. सेप हार्करच्या मुलीने साठी जवळ आली तेव्हा पहिल्यांदा ऐकले, की गवत पिकले आहे. मित्रांनो, मी किती वादळे आणि किती हिमवर्षाव पाहिलेत, पण त्या दुपारइतका मी कधी थरारलो नाही.

ती वळून काहीतरी बोलली. विल्फला शब्द ऐकू गेले नसावेत. त्याने तिचा चेहरा पाहिला, टोपी डोक्यावर घातली आणि यंत्रावरची ताडपत्री ओढली.

गवत त्याच दिवशी पसरायचे होते, आणि रस्त्याने पुलावरून वळसा घालून जायला वेळ नव्हता. विल्फने गाडीवाटेवर रचलेला पहिला दगड उपसला. वेंडीने दुसरा. दोघांनी मिळून वाट मोकळी केली आणि पाऊस यायच्या आत गवताच्या गाड्या माझ्या दारावरून गेल्या. किती वर्षांनी तो वास माझ्या भिंतींना लागला!

ते बी हिवाळाभर बर्फाखाली पडून राहिले. खुळखुळ्याला थंडी लागते, थंडी भोगल्याशिवाय तो उगवत नाही. एप्रिलमध्ये बारीक दातेरी पाने दिसली, जूनमध्ये कुरण पिवळे झाले. मग गवत दबले, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जांभळे आले, गडद लाल आले. मुदतीच्या शेवटच्या जूनमध्ये टॅम्सिन आली. अर्ध्या वाटेवर ती खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. कुरण वेंडीकडे राहिले. माझ्या लाद्या वर चढल्या आणि माळा गवताने भरला.

विल्फ येऊन पाहून गेला. फुलांत उभा राहून तो वेंडीला म्हणाला, "तुझा बाप अगदीच खोटं बोलत नव्हता. चोरच आहे हा." दोघे हसले. पुढच्या हिवाळ्यात विल्फ वारला. आता दोन्ही कुरणांसाठी वेंडीच ऐकते.

मित्रांनो, मी जुना दगडी गोठा, तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे मागतो. बी माळ्यावर कोंडून टिकत नाही, ते दरवर्षी मातीत पडावे लागते. माणसाजवळचे ज्ञानही तसेच आहे. तुमच्या गावातही कुणाला तरी काहीतरी ऐकू येत असेल, जे बाकी कुणाला येत नाही. ते त्याच्याबरोबर जाण्याआधी त्याच्याकडे जा. तो तुमच्यावर रागावलेला असेल, तरी जा.