पाच फूट दोन इंच

खडू… बोटाच्या पेराएवढा पांढरा तुकडा, आणि त्यानं काळ्या दगडावर ओढलेली वीतभर रेघ, भिंतीच्या अगदी पायथ्याशी, गवताच्या आत. टाचा या रेघेवर, पाठ भिंतीला, हनुवटी सरळ. हे आता सांगावं लागत नाही. तिनं चपला काढून बाजूला सारल्या. दगड तापलेला होता. चपला काढायच्या त्या झोपताना, नाहीतर नवऱ्याच्या फोटोत शिरताना, असं तिच्या मनात आलं, पण हसू काही आलं नाही.

"अगं, जरा डावीकडे सरक," तो लांबून म्हणाला. किल्ल्याची भिंत पायापासून माथ्यापर्यंत फोटोत यायला हवी म्हणून तो मागं मागं चालला होता, खडकांवर पाय चाचपत, आणि त्याच्या पाठीमागं समुद्र. पडेल एखाद दिवशी. तीही सरकली. डाव्या गुडघ्यात कळ आली, ती तिनं मनातल्या मनात शिवी हासडून जिरवली.

लोक म्हणतात, काय नशीबवान हो तुम्ही, किती फिरलात. फिरले खरी. जिथं बोट आठवड्यातून दोनदा जाते अशी बेटं, जिथं एकच दुकान आणि तेही दुपारी बंद अशी बंदरं, पडके किल्ले, विझलेली दीपगृहं… पण मला ती आठवतात पाठीनं. कुठली भिंत ओली होती, कुठली खरखरीत, कुठं चिकटलेले शिंपले पोलक्यातून टोचले. बाकी डोळ्यांसमोर नेहमी एकच देखावा — टोपी, कॅमेरा आणि एक मिटलेला डोळा.

सुरुवात हसण्यावारीच झाली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच्याकडे मोजमापाची एक लांब काठी होती, फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे मारलेली, ती होडीत चढताना हातातून निसटली आणि लाटेबरोबर गेली. दिवसभर त्याचं तोंड उतरलेलं. रात्री उतारशाळेच्या दाराच्या चौकटीला त्यानं बायकोला टेकवून उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ मारली — पाच फूट दोन इंच — आणि दुसऱ्या दिवशी काठीच्या जागी तिलाच भिंतीशी नेलं. फोटोत बायकोच्या किती पट भिंत, ते बघायचं आणि पाच फूट दोन इंचांनी गुणायचं. झाली उंची. किती हसलो होतो तेव्हा. मग नवी काठी घ्यायची राहूनच गेली… का घेईल? ही काठी स्वतःच्या पायांनी चालत होती, डबाही भरत होती. लेक लहानपणी अल्बम उलटून म्हणायची, "यात आईचा फोटो कुठाय? ही तर पट्टी आहे." सगळे खो खो हसायचे. तीही.

"हनुवटी," तो म्हणाला. तिनं हनुवटी सरळ केली.

मागच्या महिन्यात पाठ धरली म्हणून ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. त्यांनी वजनाच्या काट्याशेजारच्या दांड्याला तिला उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि म्हणाल्या, "पाच फूट."

"नाही हो, पाच-दोन. माझी उंची आमच्याकडे तोंडपाठ आहे."

"असेल पूर्वी. हाडं झिजली की मणके खाली बसतात, मावशी. हळूहळू होतं, कळत नाही."

बसथांब्यावर बसून तिनं हिशेब केला. नकाशे काढणाऱ्याची बायको, एवढं गणित अंगात मुरलेलं असतंच. तीन-चार वर्षं तो हरखून सांगत होता, जुन्या पाहणीत प्रत्येक किल्ल्याची उंची कमी लिहिलीय, तीस फुटांची भिंत आपल्या मापानं एकतीस निघते, एका ठिकाणी नाही, सगळीकडे. त्या लोकांनी घाई केली, तो म्हणायचा, आणि म्हणताना पंचविशीतला दिसायचा. नोकरीभर त्यानं दुसऱ्यांच्या नकाशांवर शाई फिरवली, कोपऱ्यात सही साहेबांची. आता कुठं एक गोष्ट त्याची स्वतःची. पुढच्या महिन्यात संशोधन मंडळात तो यावर निबंध वाचणार, कोट धुऊन आणलाय…

भिंती वाढल्या नव्हत्या. मी आटले होते.

आणि कुणीतरी तिथं उठून विचारणारच, की तुमचं माप कशाचं. मग तो सांगेल. अभिमानानं सांगेल. तरणी पोरं रुमालात हसतील.

तीनदा तिच्या ओठांवर आलं होतं. एकदा तो जेवत होता, एकदा गुणगुणत होता, आणि एकदा… एकदा ती हट्टालाच पेटली. मी का सांगू? इतकी वर्षं हा माणूस भिंगातून माझ्याकडे बघतोय, डोक्यापासून टाचेपर्यंत, केस काळ्याचे पांढरे झाले ते भिंगातूनच. याला दिसू नये? भिंतीतली बोटभर चीर याला दहा पावलांवरून दिसते. राग आला होता, सरळ सांगायचं तर. आणि रागापेक्षा कंटाळा जास्त.

"आता हलू नकोस."

तिनं खाली पाहिलं. पुढं घोट्यापर्यंत गवत. आणि काही ठरवायच्या आधीच तिच्या टाचा रेघेवरून उचलल्या गेल्या… थोड्या, दोन इंच असतील. पोटऱ्या थरथरल्या. एवढी एक भिंत तरी खरी निघू दे याची, ती मनाशी म्हणाली, आणि श्वास धरून राहिली, तो पुरे म्हणेपर्यंत.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं फोटो कॅमेऱ्याच्या काचेवर मोठा केला, छोटी पट्टी लावली, एकदा, दोनदा. चहा निवला. ती पोटऱ्या चोळत बसली होती.

"तीस," तो म्हणाला. "जुन्यात आहे तेवढंच. असं कसं?" त्याचा चेहरा काठी वाहून गेली त्या दिवशीसारखा झाला होता. "तू नीट उभी होतीस ना?"

हाच तो क्षण होता.

"होते की," ती म्हणाली.

"मग मीच तिरका धरला असेन. उद्या सकाळी परत येऊ. हीच भिंत."

होडीवाल्यानं हाक दिली, ओहोटी लागली होती, निघायला हवं होतं. नवऱ्यानं हात देऊन तिला होडीत घेतलं, सवयीनं, नजर मागं किल्ल्यावर. म्हणजे आपण त्याचं एक माप खरं केलं, आणि बदल्यात काय, तर उद्या पुन्हा तोच चढ. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची चीड, आणि आजवर गुडघ्यांचा म्हणून सोसलेला शीण गुडघ्यांचा नव्हताच, हे इतकं साधं कसं कळलं नाही…

उद्या टाचा टेकवीन. तो डोळा मिटेल त्याच्या आत म्हणेन, अहो, आधी मला मोजा. म्हणेन? निबंध, कोट, त्याचं ते हरखणं… तो शेजारी बोटांवर काहीतरी मोजत होता. तिनं पाठ सैल सोडली, वाकेल तेवढी वाकू दिली, आणि ते वाक्य या खेपेला गिळलं नाही, तोंडात तसंच धरून बसली.