तंबाखू नसलेली कांडी

सोफ्याचं कव्हर धुवायला काढलं, तेव्हा गादीच्या फटीत एक कांडी सापडली. बोटाच्या दोन पेरांएवढी, सिगरेटसारखी पांढरी, एका टोकाला किंचित तपकिरी. दुसरी कुणी असती तर तिने आधी घर डोक्यावर घेतलं असतं. मी मात्र कांडी घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरून बघितली आणि मला चक्क आनंद झाला. असला नमुना आमच्या ऑफिसात अजून आलेलाच नव्हता!

हे काही बरं लक्षण नव्हे. घरात सध्या आम्ही तिघंच होतो: मी, माझी सोळा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा गेल्या वर्षी जिन्यावरून पडले आणि त्यांच्या नडगीचं हाड काही केल्या जुळेना. आता पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा होता. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला जुळलं नाही तर जन्मभर वॉकर. एवढं सगळं डोक्यावर असताना मी कांडी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि ऑफिसला निघाले, तेही जरा लवकरच.

मी करखात्यात आहे. ई-सिगरेटी आणि कांडीतला तंबाखू न जाळता नुसता तापवून ओढायची यंत्रं यांवर कुठला देश काय नियम करतो, कसा कर घेतो, हे बघायचं आणि वरच्यांना कळवायचं, हे माझं काम. आपल्याकडे बंदी आहे, पण ती उठवून कर लावावा का यावर वर खल चालू आहे, म्हणून ही उठाठेव. हे सांगितलं की लोक जांभया देतात. त्यांना काय ठाऊक यात काय गंमत आहे ते! एक देश बाटलीतला द्रव मिलिलिटरवर मोजतो. दुसरा म्हणतो, द्रव राहू दे, त्यात निकोटीन किती ते सांगा. कुणी कांड्या मोजतं, कुणी त्यांतला तंबाखू तराजूत घालतं. एका ठिकाणी तर ई-सिगरेट फक्त औषधांच्या दुकानात मिळते, आणि दुसरीकडे तिच्यावर साफ बंदी, पण साधी सिगरेट कोपऱ्यावरच्या दुकानात खुशाल घ्या.

आणि कायदा जसा असेल तशी वस्तू अंग चोरते. वजनावर कर बसला की कांडीतला तंबाखू रोडावतो आणि आत पोकळ नळी येते. मिलिलिटरवर बसला की द्रव थोडा आणि कडक होतो. पुदिन्याच्या वासावर बंदी आली की वासाचं कार्ड वेगळं विकतात, पाकिटात सरकवून ठेवायला. जिथे सगळ्यालाच बंदी, तिथलं यंत्र पेनासारखं दिसतं, आणि एकदा तर मी अशाच एका यंत्राने सही करायला निघाले होते. म्हणून आमच्या नमुन्यांच्या खोलीत एक खेळ चालतो. वस्तू समोर ठेवायची आणि तिच्या अंगावरून तिचा देश ओळखायचा. जो हरेल त्याने चहा पाजायचा.

हा खेळ माझ्याबरोबर खेळतात ते मास्तर. मास्तर म्हणजे आमचे रसायनतज्ज्ञ. समोरच्याला सदानकदा शिकवायला बघतात म्हणून हे नाव. मी कांडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मास्तर, ओळखा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ब्लेडने कांडी उभी चिरली आणि भिंगाखाली धरली. मग आतला भुसा चिमटीने काचेवर घेऊन त्यावर दोन-तीन थेंब टाकले. थेंबांचा रंग बदलला तशी त्यांची मुद्राही बदलली.

"ताई, यात तंबाखूच नाही!"

"म्हणजे?"

"पान कुठे दिसतंय का बघा. हा चहाच्या पाल्यासारखा कसला तरी चोथा आहे. पण त्याला निकोटीन पाजलंय, चांगलं सढळ हाताने. आणि वास घ्या. पुदिना!"

मला एकदम उमगलं. जिथे वासाच्या तंबाखूवर बंदी आली, तिथे या लोकांनी वास ठेवला आणि तंबाखूच काढून टाकला. कायद्यात तंबाखू म्हटलंय ना, मग घ्या, तंबाखूच नाही. तंबाखूवरचा करही त्यांनी चुकवला असेल, निदान काही दिवस. आम्ही दोघंही खो खो हसलो. बनवणाऱ्याच्या डोक्याला मी मनातल्या मनात दादसुद्धा दिली, खोटं कशाला बोलू?

"म्हणजे असा कायदा असलेल्या देशातली," मास्तर ऐटीत म्हणाले. "तुमचे बंधुराज राहतात ना, तिकडची. चहा तुमच्याकडे लागला. पण नमुना आणलात कुठून?"

"घरी सापडला," मी म्हणाले, आणि ते शब्द माझ्याच कानांवर पडले तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. दादा गेल्याच महिन्यात येऊन गेला होता. जाताना भाचीला जवळ घेऊन तो बराच वेळ कुजबुजत होता. सकाळपासून कांडी पर्समध्ये घेऊन हिंडतेय आणि ती कुणी ओढली हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आई म्हणवून घ्यायला मला लाज वाटली.

अर्धी रजा टाकून मी घरी आले. लेक जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. मी कांडीचा उरलेला तुकडा तिच्या वहीवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

तिने तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शी! काय आहे हे?"

"मामाने दिलं ना तुला? सोफ्यात सापडलंय."

"आई, मला असलं काही करायचं असतं तर मी ते सोफ्यात लपवलं असतं? आणि मामा मला सांगत होता, आईचं डोकं खाऊ नकोस." ती वही झटकत म्हणाली, "दिवसभर सोफ्यावर कोण बसतं, ते बघ की जरा."

बाबा! पडल्या दिवसापासून त्यांनी सिगरेट सोडली होती. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. मी त्यांच्या खोलीत गेले तर ते पाय उशीवर ठेवून एक जुनं गजराचं घड्याळ उघडून बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत, आता हात स्वस्थ बसत नाहीत.

"बाबा, ही तुमची?"

"अगं, कुठे होती? शोधत होतो मी." चेहरा इतका साळसूद की मला रागावताच येईना. त्यांनी चष्म्याच्या डबीतून छोटंसं यंत्र काढून दाखवलं. "दादाने आणलंय. सिगरेट नाही ही. जळत नाही, राख नाही, धूर नाही. तंबाखूसुद्धा नाही, त्याने पाकिटावरचं वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सिगरेट? मी म्हटलं, नाही. तंबाखू? नाही. यात खोटं काय बोललो?"

हा युक्तिवाद मला पाठ आहे. माल आणणाऱ्यांचे वकील येऊन तो आम्हाला रोज ऐकवतात. तासाभरापूर्वी त्यावर मी पोट धरून हसले होते.

"आणि तूच सांगतेस ना," ते पुढे म्हणाले, "बऱ्याच देशांत यावर सिगरेटपेक्षा कर कमी. सरकारं काय वेडी आहेत? कमी वाईट म्हणूनच कमी."

"बाबा, त्यावर अजून सगळे भांडतायत. पण तुमचं हाड काही पाकीट वाचत नाही. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, हाडाला रक्त पोचत नाही. मग ते सिगरेटमधून येवो नाहीतर चहाच्या चोथ्यातून."

त्यांनी घड्याळाचं झाकण लावलं.

"मग आजपासून बंद," ते म्हणाले. "पण डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलतील त्या. मला या खोलीचा वीट आलाय गं. मला एकदा माझा मी जिना उतरायचाय."

खरंच वाटलं, नको सांगायला. आठवडा तर राहिलाय, त्यांनी शब्दही दिलाय. तरी मी तिथेच, त्यांच्यासमोर, फोन लावला. त्यांच्या पाठीमागे लावला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

सर्जनबाई घाईत होत्या. मी म्हणाले, बाबांबद्दल एक सांगायचं राहिलंय. त्यांनी सरळ विचारलं, "काय, ओढतात का?"

"तसं नाही," मी सुरू केलं, "म्हणजे कांडी आहे, पण ती जाळत नाहीत, तापवतात. त्यात तंबाखू नाही, त्यामुळे काही देशांत ती सिगरेटमध्ये धरतच नाहीत, आणि काही ठिकाणी..."

"अहो ताई, मी साधं विचारतेय."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचं सगळं म्हणणं माझ्या तोंडून त्यांना ऐकू येत होतं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "हो, ओढतो. रोज. आता पुढची तारीख कधीची देता, तेवढं सांगा."